गुंडूतात्यांचं लग्न राहिलं नव्हतं

गुंडूतात्या गेले आणि त्यांच्या लग्नाची बोलणी पुन्हा सुरू झाली.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या घरी तात्यांना आंघोळ घालून त्यांच्याच बाहेरच्या खोलीत निजवलं होतं. त्यांची थोरली बहीण चिमणाबाई हळदीची वाटी घेऊन उशाशी बसली होती. बिनलग्नाचा माणूस तसाच जाळला तर त्याचा जीव घरात घुटमळतो, म्हणून आधी रुईच्या झाडाशी त्याचं लग्न लावायचं, ही जुनी रीत. पुतण्या विश्वजित रुईची फांदी आणायला गेलासुद्धा. तात्यांची पुतणी संयोगिता दारात उभी राहून हे बघत होती आणि तिचं डोकं सणकत होतं.

लग्न केलं नाही म्हणजे माणसाचं काहीतरी बिनसलंच असणार, असं आपल्या लोकांना का वाटतं कोण जाणे. तात्या सिटी बसवर कंडक्टर. दिवसभर गर्दीत "पुढं सरका" ओरडायचे आणि घरी आले की तोंड मिटून स्वतःचा चहा स्वतः करून प्यायचे. सुट्टीला कळंब्याच्या तळ्यावर एकटेच जाऊन बसायचे. तरुणपणी चिमणाबाईनं त्यांना मुली दाखवायचा सपाटा लावला होता. तात्या निमूट जायचे, पोहे खायचे आणि मुलीच्या बापाला हात जोडून सांगायचे, "पोरगी गुणाची हाय, पावणं. मलाच लगीन करायचं न्हाई." चंदगडच्या पाहुण्यांनी तर रागानं छत्रीसुद्धा दिली नाही, तात्या भिजत एसटी स्टँडवर आले. भाऊ त्यांच्याशी वर्षभर बोलला नाही. गल्लीनं नाही नाही ते तर्क लढवले. तात्यांनी कुणाला उत्तर दिलं नाही आणि आपलं म्हणणंही सोडलं नाही.

कॉलेजात असताना संयोगितालाही वाटलं होतं, कुठंतरी प्रेमभंग असणार. तिनं खोदून खोदून विचारलं, तेव्हा तात्या खळखळून हसले.

"कुणी न्हाई गं. मला एकट्याला लई बरं वाटतंय, एवढंच. पर हे कुणाला पटतच न्हाई बघ."

विश्वजित फांदी घेऊन आला. चिमणाबाईनं हळदीत बोटं बुडवली, तशी संयोगितानं पुढं होऊन वाटी काढून घेतली.

"आत्ती, जित्तं होते तवर न्हाई म्हणत आले. आता बोलता येईना म्हणून उरकून घेतीस व्हय?"

"अगं, रीत हाय ती," विश्वजित म्हणाला. "लोकं काय म्हणतील?"

"जन्मभर म्हणलीत की. आज आणखी म्हणू देत."

चिमणाबाईला रडू फुटलं. भावावर तिचा जीव होता, त्यात खोट नव्हती.

"आन् त्याचा जीव हितंच अडकला तर?"

संयोगितानं विश्वजितच्या हातातली फांदी घेतली आणि फाटकाबाहेर टाकून दिली.

"तर ऱ्हाऊ दे की. त्यांचीच खोली हाय ती. एकटेच ऱ्हातील, त्यांना आवडतंय तसं."