ऊन पोटात जाईपर्यंत

"उन्हाळी सुटीत प्रयोगशाळेच्या सहायकाकडून काही ठोकळे गच्चीवर विसरले गेले. आमच्या ओव्हनला जे साधले नव्हते, ते मराठवाड्याच्या उन्हाने त्या विस्मरणातून साधून दिले. संशोधनात विसरभोळेपणालाही जागा असते, हे आम्ही त्या वर्षी शिकलो."

नांदेडच्या ज्या अभियांत्रिकी महाविद्यालयात माझी सारी नोकरी गेली, त्याच्या स्मरणिकेत हा मजकूर छापला आहे. लिहिणाऱ्या बाई तेव्हा तेथे संशोधन करीत होत्या, आता लातूरला प्राध्यापक आहेत. मजकुरातला सहायक मी. नाव दिलेले नाही, हे त्यांचे सौजन्य. पण त्या प्रयोगशाळेत सहायक एकच होता, हे गावाला ठाऊक आहे.

स्मरणिका घरी आली त्या आठवड्यात मी एकदा गॅसवर दूध ठेवून अंगणात गेलो आणि दूध उतू गेले. मुलगा हसत म्हणाला, "बाबा, हे तर छापून आलंय तुमचं." सून शिक्षिका आहे, ती हसली नाही. तिने शांतपणे घराची किल्ली माझ्या खुंटीवरून काढून शेजाऱ्यांकडे ठेवायला सुरुवात केली. मी बाहेरून आलो की आता शेजारच्या दारात उभे राहून माझ्याच घराची किल्ली मागतो. तेव्हा ही केवळ संशोधनाच्या इतिहासाची तक्रार नाही. माणूस विसराळू आहे असे एकदा छापले, की त्याचे उतू गेलेले दूधही पुरावा ठरते.

आमच्या विभागप्रमुखांचीही एक हकिकत आहे. ते भाषणात सांगतात की ठोकळे उन्हात ठेवण्याची सूचना त्यांचीच होती. बाई म्हणतात विस्मरण, सर म्हणतात आदेश. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाही, आणि माझे म्हणणे असे की दोन्ही खोटे आहे. माझ्याकडे एकच पुरावा आहे. तो शेवटी देईन. आधी घडले ते सांगतो.

संशोधन राखेचे होते. वीज केंद्राची राख पोत्यांनी येई, साखर कारखान्याची चिपाडाची राख वेगळी येई. दोन्ही मिसळून, त्यात सोड्याचे तीव्र द्रावण घालून सिमेंटशिवाय घट्ट होणारा ठोकळा करायचा, असा बेत होता. वीट भाजावी लागू नये, सिमेंट जाळावे लागू नये, भिंत हलकी व्हावी, आणि धरणी हलली तर ती माणसावर एकदम कोसळू नये. बाई हदगावच्या. कापूस वेचून झाल्यावर शेतात उभी राहते त्या पऱ्हाटीच्या सालीचे तंतू त्यांनी घरून पोतेभर आणले होते. ते बारीक कापून मिश्रणात घालीत. तडा गेला तरी तंतूंनी तुकडे धरून ठेवावेत, ही त्यांची कल्पना. ती त्यांचीच होती, आणि उत्तम होती. मी दुसऱ्याचे श्रेय नाकारीत नाही. ती सवय माझी नाही.

राख चाळताना खोलीत एक करडा धूसर प्रकाश तरंगत राही. खिडकीतून आलेला उन्हाचा पट्टा त्यात असा दिसे, जणू नदीच्या पाण्यात उभी धरलेली काठी. चाळणीचा आवाज, दूर कुठेतरी पंख्याची कुरकुर, आणि पापणीवर, मनगटावर, श्वासावर बसत जाणारी ती मऊ राख. दुपारी दुपारी मला वाटे, आपण जागे नसून कोणाच्या तरी झोपेत चाळणी हलवतो आहोत.

"मामा, ही राख आहे का पीठ?" बाई म्हणत. महाविद्यालयात शिपायापासून सहायकापर्यंत सगळे मामाच असतात. "आमच्या हदगावला याच्या भाकरी थापतील."

"थापतील हो. उलथताना मोडली नाही म्हणजे झालं."

आणि भाकरी मोडत होती, हीच अडचण होती. पहिल्या खेपेला चूक माझी झाली, ती मी कबूल करतो. इतकी वर्षे सिमेंटचे ठोकळे साच्यातून काढून पाण्याच्या हौदात सोडले होते. सिमेंटला पाणी पाजायचे, हे आमच्या हाताला देवपूजेसारखे ठाऊक. त्या सवयीने राखेचे ठोकळेही हौदात गेले. दुसऱ्या दिवशी पाणी दुधासारखे झाले होते आणि ठोकळ्यांचे कोपरे बोटाला लागून सुटत होते. याला पाणी नको होते, ऊब हवी होती. ओव्हनमध्ये ठेवलेले ठोकळे दगडासारखे होत. बाहेरचे कच्चे राहत. पण खेड्यातला माणूस भिंतीसाठी ओव्हन कोठून आणणार, या प्रश्नापाशी सारे थांबले होते.

येथे मला लातूरला जावे लागेल. माझे वडील तेथे एका दालमिलमध्ये मुकादम होते. तुरीला तेल चोळून ती फरशीच्या मोठ्या अंगणात पसरत. माणसे तिच्यातून पाय ओढत चालत आणि मागे सऱ्या उमटत जात. खालची तूर वर, वरची खाली. संध्याकाळी तिचे ढीग करून वर पोती टाकत. लहानपणी मी त्या ढिगात कोपरापर्यंत हात खुपसून बसत असे. बाहेर वारा गार झालेला असे आणि आत, त्या गोल दाण्यांच्या अंधारात, सबंध दुपार अजून जागी असे.

वडील म्हणत, "वरून वाळली म्हणून भुलू नको. ऊन पोटात गेलं का न्हाई, ते बघ. दिवसा ऊन खायचं, रात्री पचवायचं."

हे मी पुस्तकात वाचलेले नाही. हे माझ्या कोपरापर्यंतच्या हाताला माहीत होते.

आणखी एक गोष्ट माझ्या हाताला माहीत होती, ती मी कोणाला सांगितली नव्हती. आमच्या आत्याचे घर लातूर जिल्ह्यात, माळवदाचे. लाकडी तुळयांवर मातीचे जाड छत. पावसाळ्यात गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर घालायचा, अशी रीत होती. जुना थर काढावा, असे कोणाच्या मनात येत नसे. भूकंपापूर्वीच्या त्या शेवटच्या उन्हाळ्यात मी चार दिवस तिच्याकडे राहून माती वाहिली. ती खाली अंगणात उभी राहून सांगे, "अजून दोन पाट्या टाक. पोरा, तुझ्या हातची माती चांगली बसते." मी टाकल्या. छत त्या वर्षी एक थेंबही गळले नाही. सप्टेंबर संपताना ते तिच्यावर आले. जे घर आम्ही दर वर्षी मायेने जड करीत आलो, त्याने तिला ठेवले नाही. ज्या माणसाने त्या पाट्या वाहिल्या आहेत, तो हलक्या भिंतीचे ठोकळे गच्चीवर विसरून जाईल, असे मानणाऱ्यांनी ते खुशाल मानावे.

माझ्या निवृत्तीआधीची ती शेवटची उन्हाळी सुटी. बाई बहिणीच्या लग्नासाठी हदगावला निघाल्या होत्या, सर पेपर तपासायला बाहेरगावी. जाताना सरांनी सांगितले, "ओव्हनमध्ये नऊ मावतात. बाकीचे कपाटात ठेवा. सावलीत. हात लावू नका."

"सर, उन्हात ठेवून बघितले तर?"

"मामा, हे संशोधन आहे. पापड नाहीत."

बाई तोंडाला ओढणी लावून हसल्या. त्यात वाईट हेतू नव्हता. पण ज्या सूचनेचे श्रेय सर आज भाषणात घेतात, तिला त्यांनी त्या दिवशी दिलेले उत्तर हे आहे.

दुसऱ्या दिवशी, सुटीच्या पहिल्याच सकाळी, मी कपाट उघडले आणि ठोकळे टोपलीत घालून गच्चीवर नेले. तळहातावर बसतील एवढेच ते. शेततळ्यात अंथरतात तो काळा प्लास्टिकचा कागद मी बाजारातून आणला होता. ओल उडून जाऊ नये म्हणून ठोकळे त्याखाली मांडले. संध्याकाळी सगळे एकमेकांना चिकटवून रचायचे आणि वर पोती टाकायची. सकाळी पुन्हा सुटे करायचे आणि प्रत्येकाची कूस बदलायची. रविवारीही मी आलो. सुटीचे सहा आठवडे ही माझी नोकरी होती आणि ती मला कोणी दिली नव्हती.

त्या गच्चीवरचे दिवस मला आजही नीट वेगळे करता येत नाहीत. एकच लांब दिवस असल्यासारखे ते आठवतात. सकाळी गोदावरीच्या अंगाने थोडा वारा येई आणि दहाच्या सुमारास तो कोणीतरी हाक मारल्यासारखा परत जाई. मग नांदेड पाण्याखाली गेल्यासारखे दिसू लागे. टाक्या, झाडे, मनोरे, घुमट सारे मंद हलत राहत. मी जिन्याच्या सावलीत बसून काळ्या कागदाकडे पाहत असे. त्याखाली काहीतरी श्वास घेते आहे, असे वाटे. कधी डोळा लागे आणि ते लातूरचे अंगण होई. वडील तुरीतून पाय ओढत येत आणि त्यांच्या मागे सऱ्या उमटत. कधी आत्या खालून विचारी, "किती राहिलं रे?" मी म्हणे, आता माती नाही टाकायची आत्या, आता ऊन टाकायचं. जाग आली की ओठ कोरडे असत आणि कूस बदलायची वेळ झालेली असे.

संध्याकाळी पोते टाकण्यापूर्वी मी एखादा ठोकळा गालाला लावून पाही. पहिल्या आठवड्यात तो वरून गरम आणि लगेच गार होई. पुढे पुढे तो सावकाश गार होऊ लागला. ऊन पोटात चालले होते.

सुटी संपली. बाई आणि सर एकाच सकाळी आले. कपाट रिकामे पाहून मला शोधत थेट गच्चीवर आले. मी नुकताच कागद काढला होता.

"मामा, हे इथं कसं काय?" बाईंनी विचारले.

रंगारी खोल्यांना चुना मारून गेले होते, हे खरे होते. मी म्हणालो, "चुना मारायला कपाट हलवायचं होतं. ठोकळे वर आणले, ते राहून गेले."

सर म्हणाले, "राहून गेले म्हणजे? विसरलात?"

मी म्हणालो, "हाव."

स्मरणिकेतला तो सगळा परिच्छेद या एका शब्दावर उभा आहे, आणि तो शब्द माझा आहे. आदेश मोडला असे सांगितले असते, तर सरांनी मेमो दिला असता. निवृत्तीला चार महिने उरलेल्या माणसाला मेमोचे भय असते. आणि ठोकळे तकलादू निघाले असते, तर पापडांचा विषय वर्षभर चालला असता. म्हणून मी विसराळू होणे पत्करले. त्याच दुपारी दाबयंत्रात पहिला ठोकळा गेला. सुई चढत राहिली. बाई आकडा वाचायच्या थांबल्या, नुसत्या पाहत राहिल्या. शेवटी तडा गेला, पण तुकडे निखळले नाहीत. पऱ्हाटीच्या तंतूंनी ते धरून ठेवले होते. ओव्हनमधल्या नऊ ठोकळ्यांना त्याने मागे टाकले नाही, पण तो त्यांच्या जवळ जाऊन उभा राहिला. सरांनी बाईंचे अभिनंदन केले. मला कोणी काही विचारले नाही, आणि न विचारता सांगणे माझ्या स्वभावात नाही. हा माझा दोष असेल. विसरणे हा नव्हे.

गेल्या महिन्यात मी एसटीने लातूरला गेलो. बाईंच्या टेबलावर त्या खेपेतला न फोडलेला एकमेव ठोकळा आहे. कागद उडू नयेत म्हणून ठेवतात. त्यांनी उठून मला खुर्ची दिली, चहा मागवला. मी स्मरणिका पुढे ठेवली.

"मामा, तुम्हीच तर हाव म्हणाला होतात."

"म्हणालो होतो."

"मग मी काय खोटं लिहिलं? उलट किती कौतुकानं लिहिलंय."

"कौतुक माझं नाही, माझ्या विसरण्याचं केलंय. त्या कौतुकापायी घराची किल्ली गेली माझी."

त्या ओशाळल्या. म्हणाल्या, दुरुस्ती छापायला त्यांची ना नाही, पण इतक्या वर्षांनी कोणाच्या शब्दावर छापायची? एकीकडे सरांचे भाषण, एकीकडे माझा तेव्हाचा हाव, एकीकडे माझा आताचा नाही.

"शब्दावर नका छापू. ठोकळा उचला."

"हा? रोज बघते मी."

"वरून बघता. उलटा करा."

त्यांनी कागद बाजूला सारून तो उलटा केला, मग आडवा, मग पुन्हा आडवा.

"या रेघा? मला वाटायचं नमुन्याच्या खुणा असतील."

"सुतारी पेन्सिल माझ्या कानावर असायची, आठवतं? रोज कूस बदलली की जी बाजू वर येईल तिच्यावर एक रेघ. कोणतीही बाजू उन्हाला चुकू नये म्हणून. मोजा."

त्या मोठ्याने मोजू लागल्या. चहा आला तरी मोजत होत्या. ठोकळ्याला सहा बाजू आहेत, सुटी बेचाळीस दिवसांची होती, आणि प्रत्येक बाजूवर सात रेघा आहेत.