जंताच्या गोळ्या

आमच्या घरात कॅन्सर हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. त्यात आईचा आतड्याचा. ज्या दुखण्याबद्दल डॉक्टरांशी बोलतानाही ती पदर तोंडाला लावायची, ते चारचौघांत कुठून सांगणार? नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरतेला उधन्याच्या बाजूला बँकेच्या कॉलनीत आम्ही राहत होतो आणि महाराष्ट्र मंडळातल्याच एका घरी माझ्या लग्नाचं बोलणं चालू होतं. आईचं ऑपरेशन मुंबईला उरकलं. कॉलनीत सांगितलं, माहेरी गेलीय. वडिलांचं एकच पालुपद, "झाकली मूठ सव्वा लाखाची."

परतल्यावर इंजेक्शनं सुरू झाली आणि सोबत गोळ्या. डॉक्टरांनी समजावलं, "औषध जुनंच आहे, जंतांवरचं. पण ऑपरेशननंतर या इंजेक्शनांबरोबर दिलं तर आजार उलटण्याची, पसरण्याची भीती कमी होते, असं दिसून आलंय." बाहेर आल्यावर आई म्हणाली, "एवढं पोट फाडलं आणि देतायत काय, तर पोरांची जंताची गोळी!" ती हसली म्हणून आम्हीही हसलो. खूप दिवसांनी.

कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानं चिठ्ठी पाहून विचारलं, "आ तो कृमिनी गोळी छे. घरमां नानां छोकरां छे?"

"ना, ना, मारी मिसेस माटे," वडील म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांना वाटच सापडली. आई का वाळली, का थकते, सारखी दवाखान्यात का जाते, सगळ्याला आता एकच उत्तर: जंत झालेत. "जंतांपायी कुणाचं लग्न मोडत नाही," असं ते घरी येऊन म्हणाले. मलाही पटलं.

ही हुशारी अंगाशी आली ती गणपतीत. मंडळाचे उकडीचे मोदक दरवर्षी आईच्या हाताखाली होत. उकड तिनंच काढायची, पहिला मोदक तिनंच वळायचा, आणि कुणाची पारी जाड झाली की तिची टोमणेबाजी ऐकायची. त्या वर्षी ती पदर खोचून परातीपाशी बसली, तेव्हा शेजारच्या काकूंनी परात हळूच आपल्याकडे ओढली. "वहिनी, तुम्ही आराम करा. यंदा आम्ही बघतो."

एवढंच. वाकडं कुणी बोललं नाही. बोलल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं. जंत हातावाटे पसरतात हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक. आम्हा शहाण्यांनाच ते सुचलं नव्हतं. हा कॅन्सर आहे, तो हातानं लागत नाही, असं एका दमात सांगून मोकळं होता आलं असतं. पण माझ्यासाठी पाहिलेल्या मुलाची आई समोरच नारळ खवत बसली होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. आईनं उठून पुन्हा हात धुतले, का कोण जाणे, आणि ते पदराखाली घेऊन ती भिंतीशी बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी मोदकाला कळ्या पाडत होते. मुलाच्या आईची नजर माझ्या बोटांवर आली, तिथून आईकडे गेली, परत माझ्या बोटांवर. त्या काही विचारणार, तेवढ्यात आईच मोठ्यानं म्हणाली, "तिला काही नाही हो. तिची ताट-वाटी वेगळी असते. माझ्या हातचं ती खातसुद्धा नाही."

धडधडीत खोटं. सकाळी तिनंच केलेली दशमी तिच्याच ताटात मी खाल्ली होती.

मुलाच्या आईचा चेहरा निवळला. "शहाणी आहे हो पोर," त्या म्हणाल्या, आणि आई कौतुकानं मान डोलवत राहिली.