टाकीचं झाकण

पहिला पाना नवऱ्याने भिंतीवर भिरकावला, दुसरा माझ्यावर. दुसरा मनगटाला लागला आणि हात पुरीसारखा टम्म फुगला. ऑफिसात मी सांगितलं, दारात चेमटला.

भांडण माझ्याशी नव्हतंच, मोटरसायकलशी होतं. सिंगापूरला आल्यावर नवऱ्याने हौसेने घेतलेली जुनी, कार्बोरेटरवाली गाडी. दसऱ्यानंतर तिला भलताच रोग जडला. क्वीन्सटाउनला आमच्या ब्लॉकखालून झोकात निघायची आणि तांजोंग पगारला त्याच्या ऑफिसात पोचायच्या आत भर ट्रॅफिकमध्ये मान टाकायची. थोडा वेळ थांबलं की सुरू, पुन्हा बंद. एकदा मागून आलेल्या लॉरीने तिचा आरसा उडवला. लॉरीवाला उतरून ओरडायला लागला, तर नवऱ्याने त्याची कॉलर धरून त्याला लॉरीच्या दारावर आपटलं. घरी आला तो बूटही न काढता दारातच फरशीवर बसला. मला त्याची दया आली आणि मी चहा टाकला.

शनिवार-रविवार तो कारपार्कमध्ये गाडी खोलून बसायचा. प्लग बदलला, पेट्रोलचा कॉक बदलला, फिल्टर नवा टाकला, कार्बोरेटर दोनदा खोलून धुतला. प्रत्येक वेळी वाटायचं, झालं एकदाचं. सोमवारी गाडी पुन्हा बंद, आणि संध्याकाळी घरात काहीतरी फुटायचं. लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज आला की मी ओट्यावरची काचेची भांडी कपाटात ठेवायला शिकले. एवढी भित्री मी आयुष्यात कधी नव्हते, आणि त्याचाच मला जास्त संताप यायचा.

एका सोमवारी तो आत आला तो थेट स्वयंपाकघरात.

"टाकीत साखर टाकलीस ना तू? तुला विकायचीय ना माझी गाडी!"

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

त्याने माझे केस धरले आणि माझंच डोकं फ्रिजवर आदळलं. आता मी काही गरीब गाय नव्हे. हाताशी त्याचं हेल्मेट होतं, ते उचललं आणि सगळ्या ताकदीनिशी त्याच्या खांद्यावर हाणलं. दुसऱ्यांदाही हाणलं. तो खाली फरशीवर बसला आणि हमसून हमसून रडायला लागला.

"गाडीने डोकं फिरवलंय गं माझं. ही एकदा नीट झाली ना, की मी पुन्हा हात उचलणार नाही. आईशप्पथ!"

माझा विश्वास बसला. मी इंजिनियर, मला कारण सापडलं की बरं वाटतं. गाडी नीट झाली तर माझं घर नीट होणार होतं, म्हणून ती मीच नीट करायची ठरवली.

माझी नोकरी जुरॉंगला, रसायनं साठवायच्या टाक्यांवर. टाकीतून जेवढं बाहेर काढाल तेवढी हवा आत जाऊ द्यावी लागते, नाहीतर भलीमोठी लोखंडी टाकीसुद्धा डब्यासारखी चेपते. नवरा आठवडेच्या आठवडे टाकीच्या खालीच शोधत होता. वर कोणी पाहिलंच नव्हतं.

रविवारी मी त्याच्या मागे बसले. नेहमीप्रमाणे गाडी रस्त्यात मेली. तो शिव्या देत किक मारायला लागला. मी त्याला ढकलून बाजूला केलं, चावी काढून पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं. सूं करून हवा आत शिरली. झाकण सैल ठेवून किक मारली, तर पहिल्या फटक्यात सुरू!

झाकणावर चावीपाशी हवेसाठी एक बारीक भोक असतं. ते लालपिवळ्या, चिकट थराने लिंपलेलं होतं. दसऱ्याला त्याने गाडीची पूजा केली होती. सिंगापूरच्या पावसात हळदकुंकू टिकत नाही म्हणून ते खोबरेल तेलात कालवलं होतं, आणि स्वस्तिक काढायला नेमकं झाकणच निवडलं होतं. वरवर पुसलं तरी भोकातलं तसंच राहिलं होतं. मी ओढणीची सेफ्टी पिन काढली आणि ते कोरून काढलं.

तो रस्त्यातच मोठमोठ्याने हसायला लागला. मला उचलून म्हणाला, "काय बायको आहे माझी!" मीही हसले. फार सुखाचा होता तो आठवडा. भांडी मी ओट्यावरच राहू दिली.

पुढच्या रविवारी तो एकटाच ईस्ट कोस्टला फिरून आला. गाडी एकदाही अडली नव्हती. खुशीत शीळ घालत आला, माझ्यासाठी हॉकर सेंटरमधल्या टपरीवरून साते, काडीवर भाजलेलं चिकन, आणलं होतं. मग गाडी पुसायचं फडकं मागितलं.

"ते फाटलं होतं, मी टाकून दिलं," मी म्हणाले.

त्याने इतक्या जोरात थोबाडीत मारली की माझा ओठ फुटला आणि साते फरशीवर सांडलं.

तोंडात रक्ताची चव येत होती. तशीच उभी राहून मी विचारलं, "आता कशामुळे?"

त्याचा चेहरा मला अजून आठवतो. तो खरोखरच कारण शोधत होता. मी कपाटातून माझा पासपोर्ट आणि इथल्या नोकरीचा एम्प्लॉयमेंट पास घेतला, पायात चपला सरकवल्या आणि त्याला ते कारण सापडायच्या आत बाहेर पडले.