आईच्या आईचं पहिलं नाव

हल्ली आमच्याकडे ज्याला त्याला पूर्वज आठवू लागलेत. कुणाला पोर्तुगीज पासपोर्टासाठी आजोबा हवे असतात, कुणाला देवळाच्या महाजनकीच्या हक्कासाठी पणजोबा. माझ्या मामेभावाला नुसताच नाद. जुने दाखले कुठल्याशा संकेतस्थळावर चढले की ते आधी त्याला कळतं आणि मग व्हॉट्सॲपवर आम्हा सगळ्यांना कळून घ्यावं लागतं. गेल्या गणेशचवथीला तो पेडण्याहून आमच्या कारापूरच्या घरी आला, तो काखेत गुंडाळी घेऊनच. माझ्या आईच्या माहेरची वंशावळ, चांगली फ्लेक्सवर छापलेली.

आईनं चष्मा लावून ती वरपासून खालपर्यंत पाहिली. पुरुषांची नावं ठसठशीत, बायका त्यांच्या बाजूला बारीक अक्षरांत. लेकी कुठेच नाहीत, म्हणजे आईसुद्धा नाही. तिनं आपल्या वडिलांच्या नावावर बोट ठेवलं आणि विचारलं, "माज्या आवशीचा नाव खंय असा?"

भावानं शेजारच्या दोन बायकांपैकी पहिलीचं नाव दाखवलं. आई म्हणाली, "ह्या सासरचा." आमच्यात लग्नात नवरा तांदळात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो, पेढे वाटतात, आणि जुनं नाव त्या दिवसापासून संपतं. माझ्या लग्नात माझंही असंच बदललं. तेव्हा मला त्याची मोठी गंमत वाटली होती, काय ती अक्कल.

आई रांगत होती तेव्हाच तिची आई गेली, वडिलांनी दुसरं लग्न केलं. चेहरा आठवत नाही, फोटो नाही. सासरी तिला नावानं हाक मारायची पद्धतच नव्हती, त्यामुळे ते नवं नावही फारसं कुणाच्या तोंडी आलं नसेल. आता आईचं हृदय थकलंय, डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगायचं ते सांगितलंय. आईला ते न सांगताच समजलंय. तिला जाण्याआधी एवढंच हवं होतं: आपली आई पोर असताना तिला काय म्हणून हाक मारत होते.

भाऊ चार फोटो टाकून मोकळा झाला, मी लागले शोधाला. पेडण्याच्या कचेरीत गेले, पणजीला दोनदा गेले. आईच्या जन्माची पोर्तुगीज नोंद मिळाली, तीत आजीचं नाव तेच सासरचं. पण आजीच्या वडिलांचं नाव होतं आणि त्यांचा गाव होता, तेरेखोल नदीपलीकडचा. आजीच्या लग्नाची नोंद विचारली तर तिथली बाई म्हणाली, लग्न मुलीच्या दारात लागलं असणार, म्हणजे पलीकडच्या मुलखात. इथे कशी सापडेल? पलीकडच्या कचेरीत म्हणाले, त्या काळी आमच्याकडे लग्नं कोण नोंदवत होतं? नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. इथे लग्न होऊन गेलं तरी विघ्नं संपेनात.

शेवटी आईच म्हणाली, गावातच जाऊया. मी नको नको म्हणत होते, पण गाडी केली. पूल ओलांडताना ती खिडकीला चिकटून बसली होती.

घर सापडलं. माणसं भली. पेडण्याची भाची म्हटल्यावर सोलकढी दिली, जेवून जा म्हणाले. भिंतीवर त्यांचीही वंशावळ होती, आमच्यासारखीच छापलेली, आणि आमच्यासारखीच नुसत्या मुलग्यांची. आईच्या आजोबांचं नाव दिसलं, खाली तीन मुलगे. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या सुनेला विचारलं. गोव्यात एक मुलगी दिली होती एवढं तिनं सासूकडून ऐकलं होतं. नाव? ती बराच वेळ आठवत बसली. मग आईचा हात हातात घेऊन म्हणाली, "चेडू दिला म्हणजे ता त्यांचा झाला, बाये. नाव कोण लक्षात ठेवता?"

तिच्यावर राग तरी काय काढायचा? मला राग आला तो त्या फ्लेक्सवाल्यांचा, दोन्हीकडच्या. मुलगी परक्याचं धन म्हणे. धन असतं तर निदान नोंद केली असती. पण आईसमोर हे बोलून काय उपयोग होता? म्हातारीनं आईची ओटी भरली, पाया पडून आम्ही निघालो.

परतताना आई पुन्हा खिडकीशी बसली. मग सहज सांगावं तसं तिनं मला तिचं स्वतःचं माहेरचं नाव सांगितलं. मला ते ठाऊक होतं, पण तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. म्हणाली, आईबाप गेले, सावत्र भाऊही गेला, आता त्या नावानं तिला ओळखणारं कुणी नाही.

"तू मार गो एकदा हाक," ती म्हणाली. "फकत एकदा."

जन्मदात्रीला नावानं हाक कशी मारायची? लहानपणी कुणी आपल्या आईचं नाव घेतलं तरी आम्ही कान पकडायला लावायचो. तरी मी प्रयत्न केला. नाव अगदी साधं, दोन अक्षरांचं. ते जिभेवर आलं आणि तिथेच राहिलं. आई माझ्याकडे बघत वाट पाहत होती.

"आई," मी म्हणाले.

तिनं मान हलवली आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.