साडूंची स्फूर्ती

माणसांना अंथरुणातून उठवण्यासाठी कोंबड्यांनी, भोंग्यांनी आणि बायकांनी मिळून घेतले नसतील एवढे कष्ट आमच्या थोरल्या साडूंनी एकट्याने घेतले. आणि ते स्वतः आयुष्यात कधी आठच्या आधी उठले नाहीत. भिलाईचा कारखाना उभा राहत होता, ती ही वर्षं. साडू भंडाऱ्याहून येऊन तिथल्या स्टोअरमध्ये कारकून झाले आणि मी दुर्गची रेल्वेतली नोकरी सोडून टाइम ऑफिसात लागलो. आमची क्वार्टर्स भिंतीला भिंत लागून होती. त्यामुळे त्यांच्या निम्म्या कविता मी भिंतीपलीकडे तयार होताना ऐकल्या आणि उरलेल्या निम्म्या त्यांनी घरी येऊन ऐकवल्या.

त्यांची प्रत्येक कविता 'ऊठ'ने सुरू होई. 'ऊठ मर्दा, ऊठ आता, मार घण, भट्टी फुलव. झोपलेल्या भाग्यरवीला बाहुबळाने तू हलव.' सूर्याला हलवायचं कशाला, आणि तो खरोखरच हलला तर पहिल्या पाळीचं काय होईल, असं मी एकदा विचारलं. त्यावर ते आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ते आठ दिवस फार छान गेले. एकदा माझी कंबर धरली आणि डॉक्टरांनी पंधरा दिवस हलायचं नाही म्हणून बजावलं, तर हे उशाशी उभे राहून मला डोंगर ओलांडायला सांगू लागले. घण तर त्यांनी कधी हातात धरला नव्हता. स्टोअरात खिळ्यांची पेटी सरकवायची असली तरी ते चपराशाला हाक मारत. एका रशियन इंजिनिअर साहेबाला त्यांनी गेटपाशी गाठून चोवीस ओळी ऐकवल्या. दुभाष्याने सगळं ऐकून घेतलं आणि साहेबाला तीन शब्द सांगितले. साहेबाने लगबगीने साडूंना पाण्याचा पेला आणवून दिला. ते तीन शब्द कोणते, हे दुभाष्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. साडू मात्र सुपेल्याच्या बाजारात महिनाभर सांगत होते, की आपली कविता ऐकून रशियन माणसाचा गळा दाटून आला.

यांतलं काही कुणाच्या मुळावर येत नव्हतं. पण दर रविवारी ते कॅम्प-१ मध्ये जाऊन मजुरांची पत्रं लिहून देत, आणि तिथेही त्यांना राहवत नसे. साकोलीकडचा एक खलाशी होता, लोखंडी तुळया दोरखंडाने वर चढवणारा. चाळिशीचा, मितभाषी. त्याने घरी बायकोला कळवायला सांगितलं की तांबडा बैल विकू नको, मी पोळ्याला येतो. साडूंनी त्या माउलीला वीस ओळींत प्रगतीचं शिखर दाखवलं आणि बैलाचं लिहायचं राहून गेलं. तिने तो विकला. खलाशी पोळ्याहून परत आला तेव्हा रागावला नाही. एवढंच म्हणाला, "बाबूजी, पुढच्या खेपेले बैल वर लिहा, कविता खाली." ही गोष्ट मी ऑफिसात इतक्या वेळा रंगवून सांगितली, की लोक मला पाहिलं की बैलाची चौकशी करत.

पुढच्या वर्षी तो खलाशी तापाने चार दिवसांत गेला. घरी तार गेली. त्याची पेटी आणि पांघरूण पोचवायचं होतं. साडूंनी रजा काढली आणि ते स्वतः निघाले. आता त्या माउलीच्याही उशाशी जाऊन हे 'ऊठ' म्हणतील, असं मी बायकोला म्हटलं. ती हसली नाही.

तिसऱ्या दिवशी ते परतले आणि माझ्या ओट्यावर येऊन बसले. बराच वेळ पायांवरची धूळ पुसत राहिले. मग म्हणाले, "साऱ्या चिठ्ठ्या ठेवल्या होत्या तिनं. शाळेचे मास्तर वाचून दाखवत. मले म्हणाली, यातलं त्यायचं बोलणं कोन्तं अन् तुमचं कोन्तं, तेवढी खूण करून द्या. मास्तराले तेवढंच वाचाले सांगीन."

"मग?"

"बसलो पेन्सिल घेऊन. एकेका चिठ्ठीत ओळ, दीड ओळ निघाली." पुन्हा धूळ पुसू लागले आणि म्हणाले, "दोन चिठ्ठ्यांत काहीच नाही निघालं."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर टोमणा सुचला नाही, आणि सुचला असता तर मला माझीच लाज वाटली असती.

त्यानंतर त्यांनी कविता लिहिली नाही. रविवारी कॅम्पात जात, पण मजूर सांगेल तेवढंच लिहीत आणि लिहिलेलं पुन्हा वाचून दाखवत. भिंत गप्प झाली. पहिले काही दिवस मी सुटलो म्हणून आनंदात होतो.

काही वर्षांनी माझी मुलगी मॅट्रिकला नापास झाली. सकाळपासून भिंतीकडे तोंड करून पडून होती, पाणीही घेईना. आम्ही दोघांनी समजावून पाहिलं, रागावून पाहिलं. शेवटी मी, ज्याने या माणसाची इतकी वर्षं टवाळी केली तो मी, शेजारी गेलो आणि म्हणालो, तिच्यासाठी काहीतरी लिहून द्या.

त्यांनी चष्मा काढला. "आता मले नाही जमत, साडूभाऊ," म्हणाले. "तिले कोनी काही सांगू नका. मऊ भात टाका."

मग माझ्यामागोमाग आले आणि तिच्या खाटेपाशी जमिनीवर बसले. कोणतं गणित अडलं, एवढंच त्यांनी विचारलं. तिने पाठमोरीच सांगितलं. त्यांनी कागद मागितला, दोनदा मांडून पाहिलं आणि आपल्यालाही येत नाही म्हणाले. ती त्यांच्याकडे कुशीवर वळली. त्यांची चूक कुठे होते आहे, ते दाखवू लागली.

ती जेवली. साडू गेल्यावर बायको म्हणाली, भाऊजी किती शहाणे झाले. मी होकार दिला, पण भिंतीपलीकडून 'ऊठ' काही ऐकू येईना, आणि मला त्यांचं ते शहाणपण पाहवलं नाही.