‘लव्हिंगली’ला मी लावलेला च

विट्याच्या स्टँडवरून सकाळी साडेसहाची गाडी पकडली तेव्हा मला पोचवायला आलेल्या चौघांना मी एकच सांगितलं, मुलीकडे ठाण्याला आठ दिवस जातोय. ते खोटं नव्हतं. पण पिशवीत भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दोन जोड कपड्यांच्या खाली एक जुनं अंतर्देशीय पत्र होतं. त्यावर माझ्या थोरल्या भावाचा डोंबिवलीचा पत्ता होता. त्याच्याबद्दल मी घरीसुद्धा बोललो नव्हतो. गावात तेहतीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या माणसाला आपण कुठे चाललो आहोत हे स्वच्छ मराठीत सांगता येऊ नये, ही आमच्या प्रवासाची सुरुवात.

खाडीवरचा पूल ओलांडून दुपारी ठाण्यात खोपटच्या स्टँडवर उतरलो. ठाणं मी पूर्वी एकदा पाहिलं होतं, तेव्हा डोंगर इमारतींपेक्षा उंच होता. आता तो इमारतींच्या फटींतून डोकावतो. माझी मुलगी मुग्धा माजिवड्याला बाविसाव्या मजल्यावर राहते. खाली मेट्रोचे खांब, हायवे, उड्डाणपूल आणि त्यांवरून वाहणारी न संपणारी गाड्यांची रांग. एवढ्या उंचीवरून सगळं शांत वाटतं. आवाज येतो, पण तो आपल्याला उद्देशून नसतो.

पहिल्याच संध्याकाळी नात ईरा मला तलावपाळीला घेऊन गेली. तिथे माणसापेक्षा उंच अक्षरांत शहरावरचं प्रेम जाहीर केलेलं आहे. ‘आय’, मग लाल बदाम, मग शहराचं नाव. लोक रांगेत उभे राहून त्या बदामाजवळ फोटो काढत होते. एक गृहस्थ बायकोला ओरडून सांगत होते, “अगं सरक ना, लव्ह दिसत नाहीये!” ती बिचारी सरकली.

त्यानंतर तो शब्द माझ्या मागेच लागला. मुग्धा घरून काम करते. दुसऱ्या दिवशी फोनवर ती कोणालातरी म्हणाली, “लव्ह यू यार, पण ती फाइल आज संध्याकाळपर्यंत नाही आली ना, तर मी तुला खाऊन टाकेन.” मी चहाचा कप खाली ठेवला. समोरची व्यक्ती जावई नव्हती हे नक्की, कारण जावई पलीकडच्या खोलीत होते आणि त्यांना ती असं काही म्हणाल्याचं मी त्या मुक्कामात ऐकलं नाही.

सोसायटीच्या हॉलमध्ये ईरा बॅडमिंटन खेळते. मी बाकावर बसलो होतो. प्रशिक्षक ओरडले, “लव्ह ऑल! प्ले!”

“आजोबा, लव्ह म्हणजे झीरो,” ईराने मला समजावलं. “दोघांकडे काहीच नाही.”

“माहीत आहे मला,” मी म्हणालो. आणि खरोखरच माहीत होतं. परीक्षेत हा अर्थ कोणी लिहिला असता तर मी त्याला शून्य दिलं असतं, एवढाच फरक.

चौथ्या दिवशी मी मुग्धाला म्हणालो, मला डोंबिवलीला जायचंय.

“डोंबिवलीला? कोण आहे आपलं तिथे?”

“तुझा काका.”

आपल्याला एक काका आहे, हे ती लहानपणी आजीच्या तोंडून पुसटसं ऐकून होती. “मी येऊ सोबत?” तिने विचारलं. मी नको म्हटलं. तिने मोबाइलवरून गाडी बोलावली, ड्रायव्हरला दोनदा बजावलं आणि मला पाण्याची बाटली दिली.

एवढं बजावूनही त्याने मला डोंबिवली पूर्वेला उतरवलं. पत्त्यात पश्चिम होतं. या गावात पूर्व आणि पश्चिम ही दोन वेगळी राज्यं आहेत, हे मला नंतर कळलं. रुळांवरचा पूल चढून-उतरून, तीन जणांना विचारून मी पश्चिमेला त्या गल्लीत पोचलो. चाळ नव्हती. तिच्या जागी सात मजली इमारत होती. तळमजल्याच्या खिडकीशी एक आजीबाई गवारीच्या शेंगा मोडत बसल्या होत्या.

“इथे पूर्वी रघुनाथ जाधव राहायचे का?”

“कोणते जाधव?” त्यांनी शुद्ध, ठसठशीत उच्चारात विचारलं. “आमच्या चाळीत दोन होते. एक पोस्टवाले जाधव आणि एक लव्हवाले जाधव.”

मी हातातला पत्ता पुन्हा पाहिला.

“लव्ह मॅरेज केलेले हो. तेव्हा नवलच होतं ते. घरच्यांनी हाकलून दिलेलं. तेच का?”

“तेच,” मी म्हणालो.

“ते केव्हाच कल्याणपलीकडे मोहन्याला गेले. रेयॉनच्या कारखान्यात लागले होते ना. पण त्यांची सुलभा अजून दर संक्रांतीला तिळगूळ द्यायला येते. तुम्ही कोण?”

मी म्हणालो, “गावाकडचा.” त्यांनी डायरीतून पत्ता लिहून दिला, फोन नंबरही दिला. नंबर मी फिरवला नाही. फोन केला असता तर समोरून ‘येऊ नको’ असं ऐकू येण्याची सोय झाली असती.

मोहन्यापर्यंत रिक्षा ठरवली. तिच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत ‘लव्ह इज लाइफ’ असं रंगवलेलं होतं. मी चालकाला विचारलं, “हे तुम्ही लिहून घेतलंत?”

“नाय हो काका. रिक्षा सेकंडहँड घेतलेली मी. ते लिहूनच आलेलं.”

कल्याण मागे पडेपर्यंत रिक्षा थांबत-धावत राहिली, आणि मला ती गोष्ट आठवत राहिली जी आता वाचकांनाही सांगायला हवी.

पंचेचाळीस वर्षांपूर्वी दादा कराडला डिप्लोमा करत होता. मी नववीत. सुट्टीत दादा घरी आलेला असताना एक पोस्टकार्ड आलं. सगळं इंग्रजीत. दादा तेव्हा रानात होता. आबांना, म्हणजे आमच्या वडिलांना, इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी मला हाक मारली. “काय लिवलंय, वाच.” घरातल्या सगळ्यांसमोर इंग्रजी वाचायची माझी ती पहिलीच वेळ. मजकूर साधा होता: मामाच्या गावी गेले होते, आंबे गोड होते, विहिरीत पोहले. शेवटी होतं, ‘युअर्स लव्हिंगली, सुलभा’.

“ह्याचा अर्थ?” आबांनी विचारलं.

पत्राचा तो शेवट मला शाळेत शिकवला होता. भावाला, मावशीला, मित्राला, कोणालाही तसं लिहितात, हे मला माहीत होतं. पण आबा माझ्याकडे अशा कौतुकाने पाहत होते की एवढ्याशा अर्थावर थांबवेना. मी छाती पुढे काढून म्हणालो, “प्रेमपूर्वक, तुझीच सुलभा.”

मूळ इंग्रजीत ‘च’ नव्हता. तो माझा.

पुढे जे झालं ते भराभर झालं. कार्डावरचा पत्ता घेऊन आबा त्याच दिवशी कराडला गेले आणि त्या मुलीच्या दारात उभं राहून गल्लीला ऐकू जाईल असं बोलून आले. महिन्याभरात दादा घर सोडून गेला. त्याने तिच्याशी लग्न केल्याचं कळल्यावर आबांनी त्याचं नाव घ्यायची बंदी केली. मुलगा झाल्याचं कळवणारं अंतर्देशीय आलं, ते मी आईला परसात वाचून दाखवलं. माझ्याबद्दल मात्र आबा गावभर सांगत सुटले, धाकटा इंग्रजीचा मास्तर होणार. झालोही. आई गेली, मग आबा गेले. बंदी उठवणारं कोणी राहिलं नाही, आणि पाळणारा मी एकटा उरलो.

मोहन्यात शिरताना बंद पडलेल्या कारखान्याची भिंत लागते. ती बराच वेळ संपत नाही. भिंतीवर पिंपळाची रोपं उगवली आहेत, आत चिमणी उभी आहे, धूर नाही. शाळेमागच्या बैठ्या चाळीत मी पत्ता विचारत होतो तेवढ्यात एक उंच, पांढऱ्या केसांची बाई हातात कोथिंबीर घेऊन थांबली. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“तुम्ही विट्याचे ना?”

मी चमकलो. आम्ही एकमेकांना आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं.

“चाल ह्यांच्यासारखीच आहे,” ती म्हणाली. “एक खांदा खाली. या भावोजी.”

दादा ओट्यावर बसला होता. समोर कोणाचा तरी मिक्सर उघडून ठेवला होता. चष्म्यावरून त्याने माझ्याकडे पाहिलं. मी काय म्हणायचं ते रिक्षात तीन प्रकारे घोकलं होतं. एकही आठवेना.

“ये,” दादा म्हणाला. “चप्पल आत घे. कुत्रं नेतं.”

पंचेचाळीस वर्षांनंतरचं त्याचं पहिलं वाक्य ते. मी चप्पल आत घेतली.

पाणी झालं, चहा झाला, माझ्या मुलीची, त्यांच्या पुण्यातल्या मुलाची चौकशी झाली. मग मात्र मला राहवेना. मी पोस्टकार्डाचं सगळं सांगितलं. ‘च’सुद्धा सांगितला. सांगताना माझा आवाज नववीतल्या पोरासारखा चिरकत होता.

वहिनी हसू लागल्या. डोळ्यांना पदर लावून हसल्या.

“अहो भावोजी, तो माझा अभ्यास होता! बारावीला इंग्रजीत दोनदा नापास झाले होते मी. हे माझ्या भावाचे मित्र. मी गाइडातून बघून पत्रं लिहायची, हे लाल शाईने चुका काढून परत पाठवायचे. ‘सुट्टी कशी घालवली’ या विषयावरचं पत्र होतं ते. शेवटही गाइडातला.”

“म्हणजे तुमच्यात काहीच...”

“काय असणार? माझ्या पत्रात अकरा चुका निघायच्या. मला राग यायचा यांचा.”

आबा दारात ओरडून गेल्यावर वहिनींचं ठरत आलेलं लग्न मोडलं, परीक्षा बंद झाली. दादा माफी मागायला कराडला गेला. वहिनींच्या वडिलांनी विचारलं, माफीचं मी काय करू? दुसऱ्या खेपेला दादा गेला तो लग्नाचं विचारायलाच.

“म्हणजे आमचं लव्ह मॅरेज तुम्ही जमवलंत,” वहिनी म्हणाल्या. “मध्यस्थ तुम्ही. आणि तुमचा आहेर तेवढा राहिला.”

मी दादाकडे वळलो. “तू आबांना खरं का नाही सांगितलंस?”

“सांगितलं,” दादा मिक्सरच्या पात्याकडे पाहत म्हणाला. “आबा म्हणाले, धाकटा इंग्रजी शिकलाय. तो खोटं कशाला सांगेल?”

चाळीत कोणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मी “माझं चुकलं, दादा” म्हणालो. त्याने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

“‘च’चं काय घेऊन बसलास? पोरगा होतास. पण नंतर तू आला नाहीस. आबा गेल्यावरही नाही. ते कुठल्या भाषेतून चुकलं?”

तेहतीस वर्षं मी मुलांना ‘लव्ह’चा नाम म्हणून आणि क्रियापद म्हणून उपयोग शिकवला. फळ्यावर दोन रकाने आखायचो. दादाच्या ओट्यावर बसून मला कळलं की माझ्याकडे तो कायम पहिल्याच रकान्यात राहिला.

“जेवायला वाढते,” वहिनी म्हणाल्या, आणि तेवढ्यावर ते थांबलं. जेवायला बिरडं (मोड आलेल्या कडव्या वालांची साल काढून केलेली उसळ) होतं. आमच्याकडे ते करत नाहीत. किंचित कडू, वर ओल्या नारळाची गोडी. दादा दाणे सोलायला बसतो, असं वहिनींनी सांगितलं. मी तीनदा वाढून घेतलं. दादा माझ्याशी फारसं बोलला नाही, पण माझ्या ताटातलं मीठ संपलेलं त्याला दिसत होतं.

निघताना मी म्हणालो, “दोघं विट्याला चला.”

“मी नाही येणार,” दादा म्हणाला. रागाने नव्हे. पाऊस नाही येणार म्हणावं तसं. “तू येत जा इकडे.”

“मी येते,” वहिनी म्हणाल्या. दादाने मान वर केली. “असे बघू नका. ज्या घराने मला न बघता नको म्हटलं, ते मला एकदा बघायचंय. चार दिवस तुमचं तुम्ही करून खा.”

तिसऱ्या दिवशी सकाळी दादा वहिनींना खोपटच्या स्टँडवर सोडायला आला. मुग्धा आणि ईराही आल्या होत्या. मुग्धा काकाच्या पाया पडली तेव्हा त्याला काय करावं ते कळेना. त्याने खिशातून तिळाच्या वडीचं पाकीट काढून ईराला दिलं. गाडी सुटेपर्यंत तो वहिनींच्या खिडकीखाली उभा राहून गॅस सिलिंडर कुठल्या बाजूला फिरवून बंद करायचा ते दोनदा विचारून घेत होता. पन्नाशीपासून तो फिटर म्हणून लोकांच्या शेगड्या दुरुस्त करतो, हे मला वहिनींनी कळंबोलीच्या पुढे सांगितलं.

विट्याला पोचायला दुपार झाली. फोनवर सगळं ऐकून बसलेली माझी बायको शैला दारातच भाकरतुकडा घेऊन उभी होती. ओवाळून झालं. वहिनी उंबरा ओलांडून आत आल्या आणि सावकाश सगळं पाहू लागल्या: सोपा, देवघर, परसाचं दार. हे सगळं त्यांनी बहुधा दादाच्या बोलण्यातून पाठ केलेलं होतं, कारण कुठे काय आहे ते त्या मला विचारत नव्हत्या. शेवटी त्या आबांच्या तसबिरीसमोर थांबल्या. मी मागे उभा होतो. त्या नमस्कार करतील की काही बोलतील, मला अंदाज येईना. दोन्ही गोष्टींची मला सारखीच भीती वाटत होती.

वहिनींनी काचेवरून एक बोट फिरवलं, ते बोट पाहिलं आणि माझ्याकडे वळल्या.

“अहो भावोजी, तुम्ही तर त्यांचे लाडके. निदान पुसत तरी जा.”

मी फडकं आणायला आत गेलो.