हाकेतली मोकळी जागा

भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी करोल बागेत पडद्याच्या कापडाचा भाव करत होते. भाची म्हणाली, "मावशी, बाबा गेले," आणि मी हातातलं कापड दुकानदारापुढे टाकून मेट्रोकडे निघाले. दिल्लीतच, द्वारकेच्या घरी, बाल्कनीत, पेपर मांडीवर ठेवून, बसल्या बसल्या गेले. चहाचा कप रिकामा होता. पानात किंवा कपात काही टाकून उठणं त्यांना जन्मात जमलं नाही, तेव्हा हेही त्यांच्या रीतीला धरूनच झालं. मेट्रोत बसल्यावर खरं तर मला रडू यायला हवं होतं. पण डोळ्यांपुढे आला तो लाटणं खांद्याला टेकवून, एक डोळा मिटून आमच्या फ्रीजवर नेम धरणारा माणूस, आणि मला हसू फुटलं. शेजारची बाई जरा सरकून बसली. मग मात्र रडू आलं... तेव्हा तिनेच पाण्याची बाटली पुढे केली.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, सुखदेवराव. मूळचे चंद्रपूरकडचे, रानाला लागून असलेल्या खेड्यातले. शिकले, केंद्र सरकारच्या नोकरीत लागले आणि ताईला घेऊन आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये आले. पुढे मीही शाळेतली नोकरी धरून दिल्लीत आले, तेव्हापासून ते मला ‘मास्तरीणबाई’ म्हणत. त्यांच्या घरात शिरलं की समोर बाबासाहेबांची तसबीर, तिच्या शेजारी शांत बसलेले बुद्ध, आणि खालच्या फळीवर बंदुकांवरच्या पुस्तकांची चळत. झुरळ दिसलं तर हा माणूस ते कागदावर घेऊन जिना उतरायचा आणि बागेत सोडून यायचा. वर आल्यावर हात धुवून, दुनळी बंदुकीचा दस्ता अक्रोडाच्याच लाकडाचा का असावा, यावर तासभर बोलायचा. पाहुण्यांना वाटे, लष्करात असावेत. होते आमचे भाऊजी पेन्शनच्या फायली बघणाऱ्या खात्यात.

या वेडाचं मूळ होते कुँवरसाहेब. तराईतल्या कुठल्या तरी जुन्या घराण्यातले, नावाजलेले शिकारी, आणि त्याहून नावाजलेले लेखक. बंदुका आणि शिकार यांवर त्यांच्यासारखं लिहिणारा त्या काळी देशात दुसरा नव्हता, असं जाणकार सांगत. भाऊजी इंग्रजी शिकले ते त्यांच्या लेखांवर. आणि त्याला कारण होतं. कुँवरसाहेब शिकारीला चंद्रपूरच्या रानात यायचे, आणि भाऊजींचे वडील त्यांच्या हाक्यात चालायचे. हाका म्हणजे रान उठवणं. साहेब मचाणावर बंदूक घेऊन बसणार. आणि गावातली माणसं पायी, रांग धरून, हातात काठ्या, डबे, फुटकी ढोलकी घेऊन, ओरडत-बडवत वाघाला मचाणाकडे लोटत नेणार. त्या रांगेच्या अगदी टोकाला भाऊजींचे वडील असत. टोकाच्या माणसाला एकाच बाजूने सोबत. दुसऱ्या बाजूला नुसतं रान. कुँवरसाहेबांच्या पुस्तकांत वाघ असे, चांदणं असे, गोळीचं वजनसुद्धा असे. हाकारे एका वाक्यात येऊन एका वाक्यात जात.

ताईला याचा भयंकर राग. "ज्या माणसाने माझ्या सासऱ्यांना वाघापुढे पायी चालवलं आणि आपण झाडावर चढून बसला, त्याची पुस्तकं माझ्या घरात!" असं ती धूळ झटकताना दर रविवारी म्हणायची. पुस्तकं मात्र झटकून जागच्या जागी ठेवायची. भाऊजी शांतपणे म्हणायचे, "अगं, लिहितो चांगलं ना? वाचतो मी. त्याच्या पाया थोडाच पडतो?" या एका मुद्द्यावर त्यांचा संसार भांडत राहिला, आणि मला तरी वाटतं, त्या भांडणावरच तो इतका ताजा राहिला.

सगळ्या आयुष्यात खरी बंदूक त्यांनी एकदाच हातात धरली. द्वारकेला सोसायटीतल्या एका मुलीचं लग्न होतं. वरपक्षाकडच्या एका जाडजूड फूफाजींनी, म्हणजे नवरदेवाच्या आत्याच्या यजमानांनी, वरातीत दुनळी आणली होती आणि चापावर बोट ठेवून ते नाचत होते. आम्ही बायका मागे सरकलो. भाऊजी सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "वा, क्या चीज़ है साहब! ज़रा दर्शन कराइए." स्तुतीला कोण भुलत नाही? फूफाजींनी बंदूक हातात दिली. भाऊजींनी ती खट्‌कन मधून उघडली, दोन्ही काडतुसं काढून कोटाच्या खिशात टाकली, नळीतून चंद्राकडे पाहिलं, सफाईवरून दोन शब्द सुनावले आणि बंदूक अदबीने परत केली. फूफाजी रात्रभर रिकामी बंदूक घेऊन नाचले, त्यांना पत्ताही नाही. काडतुसं सापडली ती ताईला, कोट ड्रायक्लीनला देताना. त्यानंतर जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. शेवटी भाऊजी स्वतः ती पोलीस चौकीत देऊन आले आणि तिथल्या हवालदाराला बंदुकीच्या तेलावर व्याख्यान देऊन परतले.

गेल्या थंडीत पेपरात बातमी आली की कुँवरसाहेबांच्या नातीने, दिल्लीबाहेर सोहना रोडच्या पुढे त्यांचं जे फार्महाऊस होतं, तिथे त्यांच्या नावाचं संग्रहालय उघडलं आहे. भाऊजींचा पाय घरात ठरेना. ताईने साफ सांगितलं, "मी त्या घराची पायरी चढणार नाही." म्हणून मग मला धरून नेलं. टॅक्सीत ते नव्या नवरदेवासारखे सारखे केस बसवत होते. आत गेल्यावर तर बघायलाच नको! काचेच्या कपाटातल्या बंदुकांपुढे ते नातेवाइकांना भेटावं तसे थांबत, "ही ती, जिचा घोडा अडकला होता... ही ती, जिच्यावर त्यांनी तीन लेख लिहिले," अशी, घरी ताईला शंभरदा ऐकवलेलीच, ओळख करून देत. पेंढा भरलेला वाघ लागला तेव्हा मात्र ओळखपाळख थांबली. दोन्ही हात जोडले आणि पुढे झाले.

मग मचाणाचं दालन आलं. तिथे भिंतीभर मोठा केलेला एक जुना फोटो होता. झाडीतून बाहेर पडणारी उघडी माणसं, कुणाच्या हातात डबा, कुणाच्या गळ्यात ढोलकी, सगळ्यांची तोंडं उघडी. खाली लिहिलेलं होतं: ‘शिकार के बाद गाँववालों का उल्लास-नृत्य’. भाऊजींनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं, आणि जे हसत सुटले ते थांबेनातच. भिंतीला हात टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. आवाज ऐकून ती नात स्वतः आली. इरा तिचं नाव, साधी खादीची कुर्ती, पायात स्पोर्ट्‌स शूज, चांगली मुलगी.

"क्या हुआ अंकल?"

"बेटा, ये नाच नहीं रहे," भाऊजी धाप लागत म्हणाले, "ये डरे हुए हैं! वाघ अभी मरा कहाँ है? वो तो इनके सामने चल रहा है!"

ती पोरगी फोटोजवळ गेली, आणि तिचा चेहरा पडला. भाऊजींनी लगेच तिच्या खांद्यावर थोपटलं आणि टोकाच्या माणसावर बोट ठेवलं. चेहरा हललेला होता, धड दिसतही नव्हता. "ये मेरे बाबा हैं. चेहरा मत देखो, खड़े रहने का ढंग देखो. ऐसे ही खड़े रहते थे, शेत के बाँध पर भी."

इराने त्यांना बसवलं, चहा दिला आणि हाका कसा चाले ते विचारलं. तेव्हा भाऊजींनी जे सांगितलं ते मीही प्रथमच ऐकत होते. हाक्यात नुसतं ओरडून भागत नाही. दाट रानात शेजारचा माणूस दिसत नाही. एखादा मागे राहिला तर रांगेत फट पडते, आणि वाघ उलटून त्याच फटीतून येतो. म्हणून अधूनमधून डबे थांबायचे आणि टोकाचा माणूस हाक द्यायचा, "हायेऽऽस का रेऽऽ?" त्याच्या शेजारच्याने ओ द्यायची, "हाओऽऽ!" मग त्याने पुढच्याला विचारायचं. ओ आली की पुन्हा, "चाला रे समोऽऽर!" त्यांच्याकडे समोर म्हणजे पुढे. आणि ओ आली नाही, तर साहेब मचाणावर कितीही ताटकळो, रांग पाऊल उचलत नसे.

"कैसे पुकारते थे?" इराने विचारलं. एवढंच निमित्त हवं होतं. पंच्याहत्तरी ओलांडलेला हा माणूस उभा राहिला, गालाशी हात नेला आणि अशी काही हाक दिली की काचा थरथरल्या. शेतात रानडुकरं हाकलताना वडिलांनी शिकवलेली ती हाक त्यांनी दिल्लीत एवढी वर्षं कुठे जपून ठेवली होती कोण जाणे. दोन गार्ड धावत आले. एक पर्यटक बाई मुलाला घेऊन दाराबाहेर पळाली. आणि भाऊजी गोऱ्यामोऱ्या चेहऱ्याने मला म्हणाले, "मास्तरीणबाई, जरा जास्त झालं का?"

इरा मचाणाचं दालन नव्याने मांडणार होती, आणि तिथे फोटोपुढे तिला ती हाक ऐकवायची होती. फोटोखालची ओळ तिने त्याच आठवड्यात बदलली, आणि महिन्याभराने भाऊजींना रेकॉर्डिंगला बोलावलं. मीही होतेच. सगळं झकास झालं. अडलं ते एका गोष्टीवर. भाऊजी हाक द्यायचे आणि गप्प राहायचे, चांगले ओ येण्याइतके. आवाजाचं काम बघणारा तरुण म्हणाला, "अंकल, बीच में इतना ब्लँक अच्छा नहीं लगेगा. लोग समझेंगे मशीन बंद है. काट देते हैं, या फिर जवाब भी आप ही दे दीजिए." भाऊजी एरवी कुणाला दुखवत नसत, पण त्या दिवशी हटले नाहीत. "मीच विचारायचं आणि मीच हाओ म्हणायचं? मग बाबा एकटेच की हो रानात," ते मला मराठीत म्हणाले, आणि मग त्याला हिंदीत, "बेटा, जगह खाली छोड़ो. जो सामने खड़ा है, वो देगा जवाब." इरा म्हणाली, "देखते हैं अंकल."

ते ‘देखते हैं’ त्यांना शेवटपर्यंत छळत होतं. सरकारी नोकरी केलेल्या माणसाला ‘देखते हैं’चा अर्थ नीट कळतो. दर दोन-चार दिवसांनी मला फोन, "कापलं असेल का हो त्यांनी?" मी म्हणायची, "विचारा ना इराला." तर म्हणायचे, "नको, मागे लागल्यासारखं दिसेल." ताई मागून ओरडायची, "कापू दे! त्या घरात तुमचा आवाज हवाच कशाला?" नवं दालन सुरू व्हायला थोडेच आठवडे उरले होते, आणि भाऊजी त्या सकाळी चहा संपवून गेले. मला त्यांच्या जाण्याचं दुःख आहेच. पण खरं सांगते, त्याहून जास्त चुटपुट लागली ती ही, की त्यांना उत्तर न कळताच जावं लागलं.

काही आठवड्यांनी इराचा फोन आला. दालन तयार आहे, आप लोग आइए. मी ताईला विचारायचं म्हणून विचारलं. ती भाजी निवडत होती. उरलेली देठं मोडून टाकली आणि म्हणाली, "चल. कापलं असेल तर त्या पोरीला चार शब्द सुनवायला कुणीतरी हवंच ना." पांढरी साडी काढली, पर्स घेतली, आणि जन्मात चढणार नाही म्हणाली होती ती पायरी गुडघा धरून चढली. वाटेत बंदुकांचं दालन होतं. तिने मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. वाघापुढून गेली. सरळ त्या फोटोखालच्या बाकावर जाऊन बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून. आजूबाजूला सुट्टीला आलेली चार-पाच कुटुंबं होती. इराने माझ्याकडे पाहिलं आणि बटण दाबलं.

आधी डबे वाजले, ढोलकी वाजली. मग सगळं थांबलं, आणि छतातून, भिंतीतून, चारी बाजूंनी भाऊजींचा आवाज आला, "हायेऽऽस का रेऽऽ?"

आणि शांतता. कापलेलं नव्हतं. पोरीने श्वासाएवढंही कापलेलं नव्हतं. लोक एकमेकांकडे बघू लागले. कुणाला वाटलं, मशीन बंद पडलं.  आवाज आला, "हायेऽऽस का रेऽऽ?" पुन्हा तीच मोकळी जागा. ताईच्या हातातली पर्स खाली पडली. तिने मान वर केली, आणि मला वाटतं एवढ्या वर्षांत सासरच्या बोलीतला एक शब्द न बोललेली माझी पुणेरी शिस्तीची बहीण सगळ्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "हाओऽऽ!"

"चाला रे समोऽऽर," भाऊजी म्हणाले. डबे पुन्हा वाजू लागले, मागची पोरंटोरं ताईचं बघून ‘हाओ, हाओ’ करत नाचायला लागली, आणि ताई पदराने डोळे पुसत, हसत उठली. "बस गं जरा," मी म्हटलं.

"बसते काय? ऐकलं नाहीस का," ती म्हणाली, आणि पाय ओढत बंदुकांच्या दालनाकडे निघाली. "ये इकडे. यातली ती घोडा अडकलेली कुठली, ते मला दाखव."